पारसिकची सावली : महाप्याच्या छपरांवरचे दूरदर्शन

महाराष्ट्रातील दूरदर्शनचा इतिहास सांगताना आपण बहुधा वरळीपासून सुरुवात करतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्यासाठी प्रक्षेपण होऊ लागले, १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, १९८२ मध्ये रंग आले, असा तो क्रम. या इतिहासात निर्माते आहेत, निवेदिका आहेत, मंत्री आहेत. ‘चिमणराव’ आहे, ‘गजरा’ आहे, मराठी बातम्या देणारी तरुण स्मिता पाटील आहे. पण रविवारी सकाळी छपरावर चढून लोखंडी पाइप इंच-इंच फिरवणारा आणि खाली ओरडून विचारणारा माणूस त्यात कुठेच नाही. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र घरातल्या पडद्यापर्यंत आपोआप पोहोचले, असे धरून हा सगळा इतिहास लिहिला गेला आहे.

ते आपोआप पोहोचले नाही. निदान आमच्या गावात तरी नाही.

गेली सहा-सात वर्षे मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या गावठाणांत अँटेना शोधत हिंडतो आहे. मी इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, पंचवीस वर्षे एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली. या विषयातले जे काही कळले ते रद्दीत मिळालेल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या पुस्तकांतून आणि मिस्त्री लोकांच्या तोंडून. त्यामुळे या लेखात आकडेमोड आली तर ती पट्टी आणि पेन्सिलीची आहे, प्रयोगशाळेतली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

महापे आज ज्यांना माहीत आहे त्यांना ते आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमुळे माहीत आहे. त्या इमारतींच्या मागे गावठाण आहे, आणि गावठाणाच्या मागे, पूर्वेला, पारसिकचा डोंगर. पश्चिमेला कोपरखैरणे, मग ठाण्याची खाडी आणि खाडीपलीकडे मुंबई. १९६० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने या पट्ट्यात ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रासाठी भातशेतीच्या जमिनी घेतल्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मुंबईचा टीव्ही आणि मुंबईचा रस्ता एका वर्षाच्या अंतराने आमच्या दाराशी आले. रस्त्यावरून ट्रक थेट आले. टीव्हीला मात्र डोंगर आडवा आला, तोही पाठीमागून. पाठीमागून कसा, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

नकाशा पाहिला तर महाप्याला तक्रार करायला जागाच नव्हती. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरींना पृथ्वीची वक्रता सुमारे ७० किलोमीटरपर्यंत अडवत नाही. महापे तिथून सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास. मध्ये मोठा डोंगर नाही. ट्रॉम्बेची टेकडी रेषेच्या दक्षिणेला राहते, घाटकोपर-विक्रोळीकडच्या टेकड्या उत्तरेला, आणि लहरी मधल्या मोकळ्या पट्टीतून गोवंडीवरून खाडी ओलांडून येतात. खाडीवर तर झाडसुद्धा आडवे नाही. कागदावर आमचे गाव प्रक्षेपण क्षेत्राच्या अगदी आतल्या वर्तुळात होते.

आमच्या घरी टीव्ही आला १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या थोडा आधी. रंगीत सुरू होणार म्हणून सगळीकडे गवगवा चालला होता आणि नेमका त्याच वेळी बाबांनी २० इंची कृष्णधवल संच आणला, लाकडी पेटीचा, पुढे सरकते दार असलेला. पोस्टातून परवाना काढला. (हे परवाने १९८५ मध्ये बंद झाले. आमची पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. या पुस्तिकांवरून कोणत्या गावात किती संच होते हे कदाचित काढता येईल, पण त्या संचांवर काय दिसत होते याची नोंद कुठल्याच शिक्क्यात नाही.) दुकानदाराच्या माणसाने पत्र्याच्या छपरावर १५ फुटी पाइप उभा केला, तीन बाजूंनी तारांचे ताण दिले, वर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना बसवला आणि चपटी पट्टी वायर खिडकीतून आत सोडली. संच लावला. चित्र आले. निवेदिका आली आणि तिच्या उजव्या खांद्याला लागून आणखी एक निवेदिका आली, फिकट, पण तितकीच नीटनेटकी.

या दुखण्याला गावात नाव होते : ‘डबल दिसतंय’. टीव्हीची दुखणी ओळखण्याची एक पूर्ण भाषाच त्या काळात तयार झाली होती, आणि ती कोणत्याही पुस्तकात नाही म्हणून इथे नोंदवून ठेवतो. सिग्नल कमजोर असला की ‘मुंग्या येतात’. चित्र खालून वर सरकत राहिले तर ‘फिरतंय’. आडव्या ठिपक्यांच्या ओळी आल्या तर ‘वेल्डिंग चालू झालं’. हे शेवटचे आमच्या पट्ट्यातले खास. आणि पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तर सगळे सुटकेचा श्वास टाकत, कारण त्या वेळी चूक वरळीची असे, आपल्या छपराची नव्हे.

वेल्डिंगचे ठिपके ही खोटी समजूत नव्हती. तेव्हाच्या टीव्हीत चित्राची माहिती लहरींच्या कमी-जास्त जोरावर बसवलेली असे, आणि ठिणगी कुठलीही असो, वेल्डिंगची, मोटारीच्या कार्बन ब्रशची, उच्चदाबाच्या तारेवरच्या मळलेल्या इन्सुलेटरची, ती त्या जोरात आपला जोर मिसळते. पहिली वाहिनी ज्या बँड-एकमध्ये, म्हणजे ४७ ते ६८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात होती, तिथे हा त्रास सर्वांत जास्त. आवाज मात्र वेगळ्या पद्धतीने, एफएमने येई. त्यामुळे चित्राची चाळण झाली तरी आवाज स्वच्छ. बाबा ज्या कारखान्यात होते तिथली दुसरी पाळी चालू असताना आमच्या घरात ठिपके पडत. ‘तुमचीच माणसं आहेत’, असे आजी बाबांना म्हणायची. बाबा काही बोलत नसत.

पण ठिपके पाळीबरोबर यायचे आणि जायचे. ‘डबल’ जात नसे. त्यावर उपाय म्हणून गावाने जे केले ते सगळे उलटे होते, आणि ते उलटे का होते हे कळायला मला सात वर्षे लागली.

पहिला उपाय उंची. १५ फुटांचा पाइप २० फुटांचा झाला, शेजाऱ्यांचा २५ चा. गावात उंचीची चढाओढच लागली. वादळी पावसात दोन-चार पाइप वाकले, एक तर गोठ्यावर आडवा झाला. दुसरा उपाय बूस्टर. एका दुकानदाराने तो बाबांना दोनदा विकला. पहिला ‘कमी पॉवरचा’ होता म्हणे. बूस्टर म्हणजे लहानसा ट्रान्झिस्टर वर्धक. तो येईल ते वाढवतो. मुंग्या असतील तर मुंग्या, सावली असेल तर सावली. बूस्टर लावल्यावर आमची दुसरी निवेदिका पहिलीइतकीच ठळक झाली. तिसरा उपाय फिरवणे. त्यासाठी घरातली तीन माणसे लागत : छपरावर मी, खिडकीत बहीण, संचासमोर बाबा किंवा आजी. आतून ‘आयलं’ आणि ‘गेलं’ एवढे दोनच शब्द निघायचे, बहीण ते वर पोहोचवायची, आणि तिचा शब्द वर येईपर्यंत माझा हात पुढे सरकलेला असायचा. ज्या महाराष्ट्रात १९७० ते ९० या काळात बालपण गेले त्या बहुतेकांना हे दृश्य वेगळे सांगायला नको.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला. जासईजवळ दास्तान फाट्याला, दुसऱ्या दिवशी नवघरला. पाच जण मृत्युमुखी पडले. आमच्या गावाच्या जमिनी त्याआधीच औद्योगिक क्षेत्रात गेल्या होत्या, पण सोयरीक उरणपर्यंत होती आणि प्रश्न एकच होता. त्या संध्याकाळी मराठी बातम्यांच्या आधी आमच्या ओटीवर पन्नासेक माणसे उभी होती. ज्यांच्या घरी टीव्ही होता तीही आली होती, कारण आमचा पडदा मोठा. मला वर पाठवले आणि सांगितले, धरून ठेव, सोडू नको. मी तेरा वर्षांचा. बातम्या संपेपर्यंत पाइपला मिठी मारून थंडीत उभा राहिलो. खाली काय दिसले ते मी पाहिले नाही. ऐकू आला तो आवाज, तो अगदी स्पष्ट होता. पत्र्याखालून वर येत होता. नंतर बाबा एवढेच म्हणाले, तोंडं ओळखता येत नव्हती रे.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. पुढे या विषयाकडे वळलो त्याचे कारण शोधायला बसलो तर बहुधा हेच सापडेल.

आता डोंगराकडे येतो. १९८९ च्या सुमारास मला रद्दीत टीव्ही दुरुस्तीचे एक फाटके पुस्तक मिळाले. त्यात ‘डबल’चे कारण दिले होते. अँटेनाला एकच लहर दोन वाटांनी मिळते : एक सरळ, दुसरी कुठल्या तरी डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून. दुसरीची वाट लांब, म्हणून ती उशिरा येते. पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे रेघ ओढत असतो. उशिरा आलेले चित्र तितके उजवीकडे उमटते. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेघा, आणि एका रेघेचा दिसणारा भाग ओढायला झोताला ५२ मायक्रोसेकंद लागतात. इतक्या वेळात लहर सुमारे साडेपंधरा किलोमीटर जाते.

मग मी पट्टी घेतली. आमच्या २० इंची पडद्याची रुंदी ४० सेंटिमीटर. म्हणजे पडद्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे वाटेतला सुमारे ३९ मीटरचा फरक. लहर डोंगरावर जाऊन परत येत असेल तर जाणे-येणे वजा करून निम्मे, २० मीटर. मराठी बातम्यांच्या वेळी निवेदकाच्या कोटाची कड आणि सावलीच्या कोटाची कड यांतले अंतर मोजले. सात सेंटिमीटर आठ मिलिमीटर. गुणाकार केला : १,५०० मीटरहून थोडे जास्त. आमच्या परसातून पारसिकचा उतार नकाशावर साधारण दीड किलोमीटर आहे. पडद्याच्या कडा चौकटीखाली थोड्या झाकलेल्या असतात, पट्टी काचेच्या फुगीर पोटावर धरलेली, तेव्हा शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे होणारच. तरी मला तो आनंद आठवतो. ज्याला आम्ही सात वर्षे दुखणे म्हणत होतो ते डोंगराचे अंतर होते. आमच्या बैठकीच्या खोलीत पारसिकचा डोंगर रोज संध्याकाळी मोजून मिळत होता आणि कुणी घेत नव्हते.

कारण कळल्यावर उपाय उलटा का ते लगेच कळते. वरळी आमच्या नैऋत्येला, जरा पश्चिमेकडे कलून. डोंगर बरोबर उलट बाजूला, अँटेनाच्या पाठीशी. पाइप जितका उंच तितका अँटेना घराच्या, झाडांच्या, शेजारच्या पत्र्यांच्या आडोशातून बाहेर पडून डोंगराला जास्त उघडा. सरळ येणारी लहर १५ फुटांवरही पुरेशी होती. उंचीने भर पडली ती सावलीत.

हे सगळे मी मोठ्या अभिमानाने गावातल्या एका मिस्त्रींना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि मला त्यांच्या मेहुण्याच्या घरी नेले. तिथे अँटेना छपरावर नव्हताच. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याच्या कडेच्याही खाली, जेमतेम १२ फुटांवर ठोकलेला होता. पाठीमागे भिंत, वर उतरते पत्रे, आणि अँटेनाच्या मागच्या नळीला लावून एका चौकटीवर ताणलेली कोंबड्यांची जाळी, चांगली आठ फूट बाय आठ फूट. चित्र एकच होते. सावली शोधावी लागत होती. “डोंगराकडे पाठ करायची, आणि पाठ झाकायची,” ते म्हणाले. “उंच कशाला?” हे त्यांनी १९८५ पासून तीन-चार घरी केले होते. पण लोकांना ते पटत नसे. खाली लावलेला अँटेना गरिबाचा वाटे.

जाळीचे तर्कशास्त्र पक्के आहे. बँड-एकमधल्या लहरीची लांबी साडेचार ते साडेसहा मीटर. तिला बोटभर भोकांची जाळी आणि सबंध पत्रा यांत फरक कळत नाही. वाऱ्याला मात्र कळतो, म्हणून जाळी वादळात टिकते. गंमत अशी की याच कोंबड्यांच्या जाळीने भारतीय टीव्हीच्या इतिहासात एकदा मोठे काम केले आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवण्यात आले, तेव्हा खेड्यांतल्या संचांसाठी इस्रोने बनवलेल्या तीन मीटरच्या तबकड्या याच जाळीच्या होत्या. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मिस्त्रींना त्या प्रयोगाची काहीच माहिती नव्हती. त्यांनी जाळी लावली ती घरी पोल्ट्रीची उरली होती म्हणून.

अँटेना ज्याला आपण म्हणतो त्याच्याविषयीही थोडे सांगायला हवे. एक आडवी दांडी, तिच्यावर काटकोनात बसवलेल्या नळ्या : मधली वाकवून बंद केलेली, जिच्यातून वायर निघते, मागची थोडी लांब, परावर्तक, पुढच्या थोड्या आखूड, दिशा देणाऱ्या. ही रचना १९२६ मध्ये जपानमधल्या सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी, त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगू यागी यांच्याबरोबर, विकसित केली. बरेचसे काम उदांचे. पण त्यांचे लेख जपानीत होते आणि १९२८ मध्ये इंग्रजीत लिहिला तो यागींनी, म्हणून जगभर नाव झाले ‘यागी’. आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की हे उदा १९५५ ते १९५८ या काळात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करत होते. ते गेले आणि पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत टीव्हीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. पुढे भारतातल्या लाखो छपरांवर ज्याची रचना चढली तो माणूस तीन वर्षे आपल्यात राहून गेला होता.

यागी-उदा अँटेनाचा खरा गुण तो किती पकडतो यापेक्षा किती नाकारतो यात आहे. पाठीमागून येणारे तो पुष्कळ कमी करतो, म्हणूनच परावर्तक नळी. आमच्याकडे झाले असे की बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अँटेनात ही मागची नळी कधी आखूड, कधी सैल, आणि खाडीच्या खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत तिचे स्क्रू गंजून ती डुगडुगू लागे. मग कुणी तरी ती काढूनच टाकी, ‘एक नळी कमी झाली तर काय होतंय’ म्हणून. नेमकी तीच नळी आमच्या गावाला सर्वांत जास्त हवी होती. कावळ्यांचा दोष त्या मानाने कमी, जरी गावात सगळा राग त्यांच्यावर निघे.

पट्टी वायरचेही तसेच. कोरडी असताना ती उत्तम. पण पावसात भिजली, तिच्यावर खाडीचे मीठ बसले, ती पत्र्याला चिकटून गेली की सिग्नल वाटेतच मुरतो. मिस्त्री ती भिंतीपासून दोन-तीन इंच दूर, प्लास्टिकच्या खुंट्यांवरून नेत आणि मध्ये मध्ये पीळ देत. पुढे गोल कोॲक्सियल वायर आली आणि हा त्रास संपला, पण तिच्यासाठी अँटेनापाशी बसवायचा छोटा जुळवणीचा तुकडा, बालुन, पुष्कळ जण लावतच नसत.

याच डोंगराच्या दुसऱ्या बाजूची गोष्ट अगदी वेगळी. महाप्याहून शिळफाट्याला जाणारा रस्ता डोंगर ओलांडतो. पलीकडची शीळ, दहिसर, पिंपरी ही गावे वरळीकडून पाहिले तर डोंगराच्या आड. तिथे सरळ लहर पोहोचतच नसे. डोंगराच्या माथ्यावरून थोडी वाकून उतरे तेवढीच. बँड-एकच्या लांब लहरी अशा वाकायला बऱ्या, म्हणून तिथे चित्र यायचे तरी. पण मुंग्यांसकट. सावली मात्र तिथे फारशी नव्हती. त्या गावांत उंच पाइप खरोखर उपयोगी पडत, जास्त नळ्यांचा अँटेना उपयोगी पडे, आणि बूस्टरही, पण तो वर अँटेनापाशी लावला तरच. संचाजवळ लावला तर वायरीत आधीच कमजोर झालेले तो वाढवणार. म्हणजे डोंगराच्या अलीकडे एक आजार, पलीकडे दुसरा, आणि दोन्हीकडे विकले जाणारे औषध एकच. माझ्या हिंडण्यात मला दिसले ते हे की पलीकडच्या गावांनी केलेले बरोबर होते आणि अलीकडच्यांनी त्यांचेच पाहून केलेले चूक. नातेवाइकांकडे लग्नाला गेलेला माणूस तिथला २५ फुटी पाइप पाहून यायचा आणि घरी तसाच उभा करायचा.

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा आमच्याकडे रविवारी दोन राम असत. आजी दोघांना नमस्कार करायची. यात तिला काही गैर वाटत नसे, आणि १९८९ मध्ये मी मिस्त्रींकडून अँटेना पश्चिमेच्या भिंतीवर घेतला तेव्हा ‘दुसरा कुठे गेला’ असे तिने ‘महाभारत’ चालू असताना खरोखर विचारले होते.

पुढचे भराभर सांगतो, कारण ते भराभरच झाले. १९९१-९२ मध्ये केबल आली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई दूरदर्शनच्या बरोबर विसाव्या वाढदिवशी, झी सुरू झाला. दोन-तीन वर्षांत गावातले अँटेना वायरीविना उभे राहिले. त्यांच्यावर कपडे वाळले, घोसाळ्याचे वेल चढले, आणि अॅल्युमिनियमला भाव आला तसे ते भंगारवाल्याकडे गेले. कोणत्या घराचा अँटेना कुठे होता हे आता भिंतीतल्या भोकांवरूनच सांगता येते. मी अशी एकेचाळीस घरे पाहिली. छपरावर उंच लावलेल्यांच्या खुणा चौतीस घरांत, पश्चिमेच्या भिंतीवर खाली लावलेल्यांच्या पाच. दोन ठिकाणी नक्की सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत डिजिटल भू-प्रक्षेपण सुरू केले. अँटेनावर, फुकट, डीडी नॅशनल, न्यूज, भारती, स्पोर्ट्‌स असे काही वाहिन्यांचे स्वच्छ चित्र. माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला याचा पत्ता नव्हता. २०१९ मध्ये मी नवा टीव्ही घेतला. त्यात त्यासाठी लागणारा टी-टू ट्यूनर आहे हे पुस्तिकेत वाचले. दीड फुटाचा लहानसा अँटेना आणून गच्चीच्या कठड्याला बांधला. चित्र आले. मी सवयीने निवेदिकेच्या उजव्या खांद्याकडे पाहिले. काही नव्हते. मुद्दाम अँटेना फिरवून डोंगराकडे केला, तरी चित्र तसेच, एकटे, कडक.

याचे कारण वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. या नव्या पद्धतीत प्रत्येक तुकडा पाठवल्यावर पुढचा पाठवण्याआधी थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, प्रतिध्वनी विरून जाण्यासाठी. आमचा डोंगर चित्राला सुमारे दहा मायक्रोसेकंद उशीर करतो. तेवढा उशीर त्या मोकळ्या जागेत सहज मावतो. इतकेच नव्हे, ती उशिरा आलेली लहर सरळ आलेल्या लहरीला मदतही करू शकते. ज्या डोंगराने बाबांना तोंडे ओळखू दिली नाहीत तो आता चित्राच्या कामी येतो. बाबा हे बघायला नव्हते. मिस्त्री होते. त्यांना दाखवले तर त्यांनी अँटेना हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, “याला पाठच नाही.”

३१ मार्च २०२२ पर्यंत दूरदर्शनने सीमाभागांसारखी पन्नासेक ठिकाणे वगळता देशभरची जुनी अॅनालॉग प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर होती. ती वाचून आमच्या गावात कुणी छपरावर गेले नाही. जायला अँटेनाच नव्हते.

आमचे जुने घर आता भावाकडे आहे. पत्रे जाऊन स्लॅब पडला, पश्चिमेची भिंत मात्र तीच. मिस्त्रींनी ठोकलेले लोखंडी ब्रॅकेट अजून आहे, आणि त्यावर भावाने फ्री डिशची तबकडी बसवली आहे. ती आग्नेयेकडे, आकाशात बरीच वर, पारसिकच्या खांद्यावरून पलीकडे पाहते. गेल्या महिन्यात मी ब्रॅकेटची उंची मोजली. जमिनीपासून ११ फूट ८ इंच. परसातली माती तेव्हापासून चारेक इंच चढली आहे, तेव्हा मिस्त्री १२ म्हणाले होते ते बरोबर होते.